मॉरिशसच्या नोंदवह्यांतील ‘मराठा’

मॉरिशस बेटांतील मराठी वस्तीविषयीं आपल्याकडे अलीकडे बरेंच बोललें जातें. परंतु त्या वस्तीच्या मूळ कागदांचा विचार त्या मानानें थोडाच होतो. प्रस्तुत लेखांत आम्हीं एकच प्रश्न घेतला आहे. इंग्रजी अमदानींत मुंबई बंदरांतून त्या बेटावर गेलेल्या मजुरांपैकीं अनेकांची ‘मराठा’ अशी जी नोंद झाली, तिचा अर्थ काय, आणि तिनें पुढील पिढ्यांची ओळख कशी घडविली, हा तो प्रश्न होय. प्रश्न दूरच्या बेटाचा दिसला तरी तो आपलाहि आहे. त्या मजुरांचे वंशज मूळ गांवाचा शोध करीत महाराष्ट्रांत येतात. त्यांस उत्तर देण्याचीं साधनें कांहीं बेटावर आहेत व कांहीं आपल्याच खेड्यापाड्यांतील रुमालांत बांधलेलीं आहेत.

प्रथम बेटाचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. इ. स. १५९८ त डच खलाशी या निर्जन बेटावर उतरले आणि त्यांनीं त्यास आपल्या मॉरिस राजपुत्राचें नांव दिलें. १७१० त ते बेट सोडून गेले. १७१५ त फ्रेंचांनीं तें घेतलें व त्याचें नांव ‘इल द फ्रान्स’ असें ठेविलें. मादागास्कर आणि मोझांबिक येथून, व कांहीं प्रमाणांत हिंदुस्थानांतूनहि, गुलाम आणून त्यांनीं बेट वसविलें. १७२३ च्या राजाज्ञेनें गोऱ्याकाळ्यांचे विवाह निषिद्ध ठरले, आणि वर्णभेद हा कायद्याचा विषय झाला. १८१० च्या डिसेंबरांत, म्हणजे शके १७३२ त, इंग्रजांनीं बेट जिंकलें. १८१४ च्या पॅरिसच्या तहानें तें त्यांजकडे कायम झालें. मात्र शरणागतीच्या वेळीं तेथील रहिवाशांचा धर्म, कायदे व चालीरीती राखण्याचें वचन दिलें गेलें होतें. त्यामुळें राज्य इंग्रजांचें, मळे व दिवाणी कायदा फ्रेंचांचा, आणि बोली गुलामांनीं घडविलेली क्रिओल, अशी त्रिविध घडण तेथें झाली. ज्या बेटास मूळचे रहिवासीच नव्हते, तेथें कोण कोणत्या जातीचा अथवा वंशाचा हें ठरविण्याचा अधिकार आरंभापासून राज्यकर्त्यांच्या लेखणीकडे होता, ही गोष्ट पुढील विवेचनांत ध्यानांत ठेवावी.

आपल्या लोकांचें तिकडील गमन मजुरीच्या करारानें सुरू झालें असा समज आहे, पण त्याच्याहि आधीं कैदी गेले होते. १८१५ ते १८३७ या काळांत बंगाल व मुंबई या इलाख्यांतून सुमारें १,५०० जन्मठेपेचे व इतर कैदी सडका बांधण्यासाठीं मॉरिशसला पाठविण्यांत आले. १८३६ त चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून तेथें गेला असतां त्यानें हे हिंदी कैदी पाहिले व त्यांजविषयीं लिहून ठेविलें. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं बेटावरील गुलामगिरी कायद्यानें संपली. मळेवाल्यांस नवे हात पाहिजे होते, आणि ते मिळविण्याचा उद्योग त्याच्याहि आधींच सुरू झाला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून ‘अॅटलास’ हें जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरांत लागलें. त्यानंतर १९१० पर्यंत सुमारें साडेचार लक्ष हिंदी स्त्रीपुरुष त्या बेटावर उतरले. मध्यंतरीं, १८३९ त, मजुरांच्या हालअपेष्टांचा बोभाटा होऊन सरकारनें हें गमन बंद केलें. पण १८४२ च्या कायद्यानें कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून तें पुन्हां खुलें झालें. या तिहींत मुंबईचा वांटा सर्वांत लहान होता. त्यांतील पुष्कळ लोक रत्नागिरी प्रांताचे होते. घाटावरील लोकहि त्यांत होते. रत्नागिरीच्या कुळवाड्यास पोटासाठीं मुंबईस जाण्याची संवय आधींपासून होतीच. मुंबईच्या धक्क्यावर त्यास मिळालेला मुकादम त्यास आणखी पुढें घेऊन गेला, एवढेंच.

या बेटाचें नांव आपल्या भाषेंत शिरलें तें मात्र माणसांच्या नांवें नव्हे, तर साखरेच्या. मॉरिशसहून येणाऱ्या पांढऱ्या दाणेदार साखरेस आपले लोक ‘मोरस साखर’ म्हणूं लागले, व पुढें नुसतें ‘मोरस’ म्हटलें तरी साखर असा अर्थ होऊं लागला. ज्या काळांत हा शब्द आपल्या बाजारांत रुळला त्याच काळांत ती साखर पिकविणारे आपलेच लोक तिकडील नोंदवह्यांत भलत्या नांवांनीं उतरत होते. शब्दांचा हा उलट प्रवास संशोधकांनीं अवश्य टिपून ठेवावा.

आतां नोंदवह्यांकडे वळूं. पोर्ट लुई येथील धक्क्याच्या पायऱ्या चढून आलेल्या प्रत्येक मजुरास एक क्रमांक दिला जाई. त्यापुढें त्याचें नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, उंची, अंगावरील खुणा आणि जहाज यांची नोंद होई. हा धक्का आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो, व २००६ त युनेस्कोनें त्यास जागतिक वारसास्थळ ठरविलें. नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत ठेविल्या आहेत. १८६७ च्या मजूरविषयक कायद्यानें जुन्या मजुरांसहि छायाचित्र लाविलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती झाली. परवाना न दाखवितां फिरणारा मनुष्य भटक्या समजून पकडला जाई. १८७१ त आदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्यानें या मजुरांच्या वतीनें गव्हर्नराकडे अर्ज केला, आणि १८७२ त एक शाही चौकशी मंडळ बेटावर आलें. त्या मंडळाचे एक सभासद विल्यम एडवर्ड फ्रीअर हे मुंबई इलाख्यांतील सनदी नोकर होते. १८७५ त प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल हें या विषयाचें एक मुख्य साधन आहे. सारांश, या वह्या म्हणजे वंशावळीसाठीं लिहिलेलें दप्तर नव्हे. मजूर पळाला तर त्यास ओळखून धरतां यावें, एवढ्यासाठीं त्या लिहिल्या गेल्या. साधनाचा हेतु लक्षांत घेतल्यावांचून त्यांतील शब्दांचा अर्थ लावूं नये, हा आपला नेहमींचा नियम येथेंहि लागू आहे.

या दप्तरानें तीन गोष्टी घडविल्या असें आमचें मत आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, बंदराचें नांव हें लोकांचें नांव झालें. मुंबईहून आलेला तो ‘बोंबाय’, मद्रासहून आलेला तो ‘मद्रास’, आणि कलकत्त्याहून आलेला तो ‘कलकत्तिया’, अशी विभागणी मळ्यावर रूढ झाली. त्याच्याहि आधीं फ्रेंचांनीं हिंदी मनुष्यास सरसकट ‘मलबार’ म्हटलें होतें. त्याचा मलबारशीं संबंध असो वा नसो. मॉरिशसच्या क्रिओल बोलींत हा शब्द पुढें हिंदूस उद्देशून तुच्छतेनें वापरला जाऊं लागला, आणि ‘लास्कार’ हा शब्द मुसलमानास लागला. हा दुसरा शब्द आपल्या ‘लष्कर’ शब्दाचाच भाऊ होय. लष्कर, त्यावरून जहाजावरील हिंदी खलाशी, आणि खलाश्यावरून एका धर्माचा मनुष्य, असा त्याचा अर्थ फिरत गेला. ‘सरदार’ शब्दाचीहि तीच गत झाली. आमच्या दप्तरांतील सरदार हजारी मनसबीचा. मळ्यावरील सरदार वीसपंचवीस मजुरांचा मुकादम. शब्द तोच, पण त्याचा मान व अर्थ ठरविणारा धनी बदलला.

दुसरी गोष्ट जातीच्या रकान्याविषयीं. मुंबईहून आलेल्यांच्या नोंदींत कुणबी, महार, मराठा अशा जातिनामांचीं रोमन रूपें दिसतात. कारकून परका, दुभाषा बहुधा दुसऱ्या प्रांताचा, आणि सांगणारा समुद्रप्रवासानें थकलेला. अशा स्थितींत ‘मराठा’ हा शब्द कोठें जातीचा, कोठें भाषेचा व कोठें देशाचा वाचक आहे, हें प्रत्येक नोंदीपुरतें तपासूनच ठरविलें पाहिजे. घराणें, देवक, सोयरीक यांचा शोध घेतांना शहाण्णव कुळींचा मराठा, मराठा म्हणविणारा कुणबी, आणि मराठी बोलणारा कोणीहि, हे तीन अर्थ आपल्याकडे आपण वेगळे करितों. बेटावर ते कालांतरानें एक झाले. आज मॉरिशसमध्यें ‘मराठी’ म्हणजे एक समाज; त्या समाजाचें नांव जातीच्या जागीं बसलें आहे आणि भाषेच्या नांवानें ओळखलें जातें. तेथील बोलण्यांत ‘हिंदू, तमिळ, तेलुगु, मराठी’ अशी गणती ऐकूं येते. म्हणजे ‘हिंदू’ या शब्दाचा व्यवहारांतील अर्थ भोजपुरी-हिंदी मुळाचा मनुष्य असा संकोचला, आणि मराठी मनुष्य हिंदू असूनहि त्या गणतींत निराळा मोजला गेला.

येथें एक विचार स्पष्टपणें मांडला पाहिजे. जुन्या जाती विसरल्या गेल्या हें सगळेंच नुकसान झालें असें म्हणतां येणार नाहीं. ज्यास मूळ गांवीं पाणवठ्यावर जाण्याची बंदी होती, त्यास सर्वांबरोबर एका लांब चाळींत राहून, एकाच कांट्यानें मोजलेली शिधा घेऊन, एका भाषेच्या नांवाखालीं उभें राहतां आलें असेल, तर त्यास गमावण्यासारखें थोडें आणि मिळविण्यासारखें पुष्कळ होतें. वंशज आज जातीचा शोध करूं लागले, तर त्यांच्या पूर्वजानें जाणूनबुजून मागें टाकलेली वस्तु आपण त्यांच्या हातीं देत आहों काय, याचा विचार संशोधकानें करावा. कागदांतील सत्य लपवूं नये. परंतु तें कोणत्या दिवशीं, कोणत्या कारणास्तव लिहिलें गेलें हें त्याच्या बरोबरच सांगावें.

तिसरी गोष्ट नांवाची. आपल्या चालीप्रमाणें मनुष्याचें नांव, बापाचें नांव व आडनांव अशी तीन पदें असतात, आणि मधलें पद दर पिढीस बदलतें. फ्रेंच पद्धतीच्या जन्ममृत्यूनोंदींत दोनच पदांस जागा होती: व्यक्तीचें नांव व कुळाचें नांव. मजुराचें आडनांव बहुधा लिहिलेंच गेलें नव्हतें. तेव्हां मुलाच्या जन्माच्या वेळीं बापाचें अथवा आज्याचें साधें नांव कुळाच्या रकान्यांत पडलें, आणि तेथेंच कायम झालें. भिवाजी, रामजी, सखाराम, लक्ष्मण अशीं व्यक्तिनामें अशा प्रकारें आडनांवें बनलीं, आणि त्यांचीं रोमन रूपें कधीं इंग्रजी तर कधीं फ्रेंच उच्चाराच्या वळणानें ठरलीं. याचा संशोधनावरील परिणाम मोठा आहे. बेटावरील आडनांव पाहून त्याच नांवाचें घराणें महाराष्ट्रांत शोधणें व्यर्थ होय. तें नांव घराण्याचें नसून एका मनुष्याचें आहे, आणि तो मनुष्य बहुधा जहाजांतून उतरलेला पहिला पुरुष किंवा त्याचा बाप आहे.

हे रकाने करारमजुरीबरोबर संपले असते, तर हा विषय केवळ जुन्या दप्तरांचा राहिला असता. तसें झालें नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील खानेसुमारींत ‘हिंदी’ व ‘सर्वसाधारण लोक’ असे भाग पडले. दुसऱ्या भागांत गोरे मळेवाले आणि मिश्रवर्णी हे मूळचे; पुढें माजी गुलामांचे वंशजहि त्यांतच घातले गेले. म्हणजे ज्यांनीं चाबूक हाणला व ज्यांनीं तो खाल्ला, त्यांचे वंशज एका रकान्यांत बसले. १२ मार्च १९६८ रोजीं बेट स्वतंत्र झालें. त्या वेळच्या राज्यघटनेनें हिंदू, मुसलमान व चिनी असे तीन समाज सांगितले, आणि राहणीवरून जो या तिहींपैकीं दिसत नाहीं तो ‘सर्वसाधारण’ असें ठरविलें. कायदेमंडळांत निवडून आलेल्या ६२ सभासदांखेरीज जास्तींत जास्त आठ जागा समाजांचा समतोल राखण्यासाठीं पराभूत उमेदवारांतून भरण्याची तरतूद झाली. १९७२ नंतरच्या खानेसुमारींत समाजाचा प्रश्न विचारला गेला नाहीं, तरी त्या जागांची वांटणी त्याच १९७२ च्या आंकड्यांवर होत राहिली. उमेदवारानें आपला समाज जाहीर करण्याची सक्ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनें २०१२ त अयोग्य ठरविली, आणि २०१४ च्या निवडणुकीपुरती ती तात्पुरत्या घटनादुरुस्तीनें शिथिल करण्यांत आली. मळ्यावरील वहींतून निघालेला रकाना घटनेच्या परिशिष्टापर्यंत कसा पोंचतो, याचें यापेक्षां स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण. फिजी बेटांतहि, जेथें १८७९ पासून १९१६ पर्यंत हिंदी मजूर नेले गेले, १९७० च्या घटनेनें मतदारांच्या याद्या वंशवार ठेविल्या होत्या.

यावर असा आक्षेप येईल कीं, सर्व दोष दप्तरास देणें न्याय्य नाहीं; लोकांनीं स्वतःहि त्या ओळखी धरून ठेविल्या. आक्षेप खरा आहे. शेजारचें रेयुनियों बेट याचें प्रमाण होय. तें फ्रान्सचाच भाग असून तेथील खानेसुमारींत वंश विचारला जात नाहीं. तरीहि मद्रासकडील मजुरांचे वंशज तेथें ‘मलबार’ म्हणूनच ओळखले जातात, आणि तें नांव ते स्वतः अभिमानानें घेतात. रकाना नसला तरी नांव राहतें. उलट रकाना मिळाला कीं लोक त्याचा उपयोग करून घेतात. मॉरिशसमध्यें गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी आहे, शाळांतून मराठी शिकविण्याची सोय आहे, आणि या गोष्टी ‘मराठी’ या नांवानें संघटित झालेल्या लोकांनीं मिळविल्या आहेत. १८९६ त हेन्रीएटा या गांवीं पहिला गणपति बसला अशी तेथील मंडळींची परंपरा आहे. नांवाभोंवतीं झगडेहि होतात. १९९८ त नव्या चलनी नोटांवर तमिळ अक्षरें हिंदीच्या खालीं छापलीं गेलीं, म्हणून एवढा क्षोभ झाला कीं त्या नोटा मागें घ्याव्या लागल्या. ज्यांच्या घरांत बहुधा क्रिओल बोलली जाते, ते पूर्वजांच्या लिपीच्या क्रमासाठीं रस्त्यावर येतात, यांतील मर्म जाणून घेतलें पाहिजे. तेथें पूर्वजांची भाषा ही बोलण्याची वस्तु राहिली नसून मोजलें जाण्याची निशाणी झाली आहे.

मात्र दप्तरांत न आलेलीहि कांहीं साधनें आहेत, आणि तीं अधिक बोलकीं आहेत. मॉरिशसच्या मराठी लोकांत ‘झाकरी’ नांवाचा गाण्यानाचाचा प्रकार चालत आला आहे. तो कोंकणांतील जाखडीच होय, हें रत्नागिरीकडील कोणीहि मनुष्य तात्काळ ओळखील. लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची चालहि तेथें टिकली. जहाजाच्या वहींत ज्याचें गांव वाचतां येत नाहीं, त्याचा प्रांत त्याच्या पणतूच्या पदन्यासांत वाचतां येतो. भाषा गेली, आडनांव गेलें, जात पुसली गेली, तरी गौरीगणपतीच्या रात्रींचा ठेका राहिला. हा पुरावा लेखी नाहीं म्हणून कमी मोलाचा मानूं नये.

अभिमानाच्या भरांत होणाऱ्या एका गफलतीकडे येथें लक्ष वेधणें जरूर आहे. २८ एप्रिल २०२३ रोजीं मॉरिशसमध्यें छत्रपति शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचें अनावरण झालें. आपल्या राजाचें स्मरण समुद्रापलीकडील आपल्या भाषाबंधूंनीं करावें हें भूषणास्पदच आहे. परंतु त्यावरून नोंदवहींतील प्रत्येक ‘मराठा’ हा पेशवाई बुडाल्यावर देशोधडीस लागलेला शिलेदार होता, अशी कथा रचूं नये. वह्यांवरून दिसतो तो कोंकणचा व मावळचा गरीब शेतकरी, दुष्काळानें अगर कर्जानें गांजलेला, पांच वर्षांच्या कराराचा अंगठा उठविणारा मनुष्य. त्याचा मोठेपणा तलवारींत नाहीं. परक्या रकान्यांत चुकीचें लिहिलें जाऊनहि त्यानें मुलांस देव, गाणें व नांवाचा एक तुकडा दिला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मळे तुकड्यातुकड्यांनीं विकले जाऊं लागले तेव्हां पैसा पैसा जोडून जमीन घेणाऱ्यांत तोहि होता, यांत त्याचा मोठेपणा आहे.

आतां आपल्या बाजूचें कर्तव्य. मोक्याच्या वह्यांत गांवाचें नांव परक्या कानानें ऐकून लिहिलेलें आहे. उदाहरणार्थ, आम्ही जेथें बसून हें लिहीत आहों तें वारजे गांव घ्या. हवेली तालुक्यांतील, मुठेकांठचें हें गांव १९९७ त पुणें महापालिकेंत सामील झालें. ‘व’ साठीं रोमन लिपींत दोन अक्षरें, ‘ज’ चा उच्चार दोन प्रकारचा, शेवटचा एकार इंग्रजास एक व फ्रेंचास दुसरा ऐकूं येणार. इतक्या लहान नांवाचीं चारपांच रूपें सहज होतील, व त्यांतील एखादें दुसऱ्याच जिल्ह्यांतील गांवाशीं जुळेल. हा गोंधळ सोडविण्यास रोमन अक्षरांकडे टक लावून भागणार नाहीं. त्या त्या गांवचा मराठी कागद समोर पाहिजे. कुळांच्या याद्या, कडबोळीं, कर्जरोखे, आणि ‘अमका मुलखाबाहेर गेला, त्याचा हिस्सा भाऊ वाहतो’ अशा आशयाचे शेरे यांची जहाजाच्या तारखेशीं गांठ घातली, तरच नोंद पक्की होते.

असे कागद पूर्वीं पाटीलकुळकर्ण्यांच्या घरीं एकत्र असत. मुंबई राज्यांत कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें व पुढें महाराष्ट्र राज्यांत पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें नाहींशी झाली. कांहीं दप्तर सरकारांत गेलें, कांहीं माळ्यावर राहिलें. शहराच्या कडेच्या खेड्यांत आज जुनी घरें पाडून इमारती उठत आहेत, आणि घर पाडतांना माळ्यावरील रुमाल प्रथम उकिरड्यावर जातो. ज्यांच्याजवळ असे रुमाल असतील त्यांनीं केवळ सनदा व मोडी पत्रें निवडून बाकीचे कागद टाकून देऊं नयेत. संग्राहकास ज्यांत गोडी नाहीं अशा कुळांच्या यादींतच गेलेल्या मनुष्याचें नांव असण्याचा संभव अधिक. नाशिक, त्र्यंबकेश्वर व पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, आणि मुंबई व पुणें येथील सरकारी दप्तरखाने, हींहि याच दृष्टीनें पाहण्याजोगीं आहेत.

२००९ त मॉरिशसनें गुलामगिरी व करारमजुरी यांच्या परिणामांची चौकशी करण्यासाठीं सत्य व न्याय आयोग नेमला. त्याचा अहवाल २०११ त आला. त्या देशानें आपल्या बाजूचें दप्तर उघडलें आहे. मुंबईच्या धक्क्यापर्यंतचा प्रवास मात्र आपल्या कागदांत आहे, आणि तो जुळविण्याचें काम आपलें आहे. पुढील अंकांसाठीं अशा याद्या, शेरे व पत्रें यांच्या नकला गांव, तालुका व शक यांच्या उल्लेखासह पाठविल्यास त्यांचा संग्रह करून क्रमशः प्रसिद्ध करितां येईल.

वारजे, पुणें.